कोणालाच नाही म्हणायचं नाही

२ जून १७५६ ला लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने गेटवर एक टोपली टांगली आणि शेजारी घंटा लावली. बाळ टोपलीत ठेवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. कोणी नाव विचारणार नाही, बाप कोण विचारणार नाही, आणि मुख्य म्हणजे कोणी परत पाठवणार नाही. पहिल्याच दिवशी ११७ बाळं आली.

नावात हॉस्पिटल असलं तरी हा दवाखाना नव्हता, टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी संस्था होती. हा नियम पावणेचार वर्षं चालला आणि तेवढ्या काळात तिथे १४,९३४ मुलं आली. त्यातली साधारण ४,४०० मुलं मोठी होऊन कुठेतरी कामाला लागण्याइतकी जगली. बाकीची दहा हजारांहून जास्त मुलं गेली. आणि ही संस्था काही चोरांची किंवा निर्दयी लोकांची नव्हती हो, उलट त्या काळातली लंडनमधली सगळ्यात नावाजलेली, सगळ्यात मन लावून चालवलेली संस्था होती. म्हणूनच मला हा विषय डोक्यातून काढता येत नाहीये.

मी पुण्यात एका शिशुगृहात मदतीला जाते, त्यामुळे अशा संस्थांचा इतिहास हातात आला की मी तो सोडत नाही. फुल्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीची ही लंडनची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

तर थॉमस कोरम नावाचा एक माणूस होता, जहाजांवर आयुष्य गेलेला, बरीच वर्षं अमेरिकेत जहाजं बांधून आणि व्यापार करून लंडनला परत आलेला. त्याला शहरात येता-जाता रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर टाकलेली बाळं दिसायची, काही मेलेली काही जिवंत. ते बघून तो पेटला आणि सतरा वर्षं लोकांच्या दारात जाऊन सह्या गोळा करत राहिला. मोठ्या घरच्या बायकांनी आधी सह्या केल्या, मग त्यांच्या नवऱ्यांनी, आणि शेवटी १७३९ मध्ये राजा दुसऱ्या जॉर्जने सनद दिली. चित्रकार होगार्थ संस्थेच्या गव्हर्नरांपैकी, म्हणजे विश्वस्तांपैकी, एक होता, आणि संगीतकार हँडेल तिथल्या चॅपलमध्ये मदतीसाठी कार्यक्रम करायचा. म्हणजे पैसा, नाव, ओळखी, कशाचीच कमी नाही.

२५ मार्च १७४१ ला रात्री दार उघडलं. आईचा चेहरा दिसू नये म्हणून दारातला दिवा विझवून ठेवला होता. मध्यरात्रीपर्यंत ३० बाळं घेतली आणि जागा संपली. बाहेर बायका उभ्याच. ज्यांना परत जावं लागलं त्यांच्या रडण्याची नोंद संस्थेच्या कागदपत्रांत आहे.

हे पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून १७४२ पासून त्यांनी चिठ्ठ्या टाकतात तशी पद्धत आणली. बायका बाळं घेऊन बाकांवर बसायच्या आणि एकेकीने पिशवीत हात घालून गोटी काढायची. पांढरी निघाली तर बाळाची तपासणी करून, रोगराई नसली तर बाळ आत. लाल निघाली तर थांबायचं, पांढरीवाल्या एखाद्या बाळाला रोग निघाला तर तुझा नंबर. काळी निघाली तर बाळ उचलायचं आणि चालू लागायचं. आणि हे बघायला शहरातले प्रतिष्ठित लोक येऊन बसायचे.

हे वाचून कोणाच्याही पोटात तुटेल. त्या काळातही तुटलंच. एका बाजूला शहरात बाळं मरतायत आणि दुसऱ्या बाजूला एवढी श्रीमंत संस्था गोट्या काढून ठरवतेय की कोण जगणार. पंधरा वर्षांत त्यांनी चौदाशेच्या आत मुलं घेतली होती. लोक म्हणायला लागले की हे बदला, आणि संस्थेलाही स्वतःला ते बदलायचंच होतं, पण त्यासाठी पैसा लागणार म्हणून ते पार्लमेंटकडे गेले. पार्लमेंटने सुरुवातीला दहा हजार पौंड दिले, त्या काळी ही प्रचंड रक्कम होती, आणि सोबत अट घातली की ठरलेल्या वयाच्या आतलं जे मूल येईल ते घ्यायचं, कोणालाच नाही म्हणायचं नाही. वर्ष १७५६, फ्रान्सशी युद्ध नुकतंच सुरू झालेलं, देशाला पुढे सैनिक आणि खलाशी हवेत हाही विचार त्यामागे होता, पण म्हणून मी त्या निर्णयाला वाईट हेतूचा म्हणणार नाही. काळी गोटी बंद करायची होती. त्या दिवशी त्या सभागृहात मी असते तर मीही हात वर केला असता, आणि हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी केला असता.

आता आकडे बघा. १७५६ च्या उरलेल्या सात महिन्यांत १,७८३. १७५७ मध्ये ३,७२७. १७५८ मध्ये ४,१४३, म्हणजे रोज सरासरी अकरा बाळं. १७५९ मध्ये ३,९५७. आधी पंधरा वर्षांत जेवढी आली त्याच्या तिप्पट एका वर्षात.

बाळ वाचतं कशाने? अंगावरच्या दुधाने. आज पावडरचं दूध आहे, उकळलेलं पाणी आहे, स्टीलची वाटी-चमचा आहे, तरी आई नसलेलं दीड किलोचं बाळ वाढवताना काय होतं ते मी बघते. आमच्याकडच्या मावशी अशा बाळाला मांडीवर जरा उभट धरतात, पळीने ओठाच्या कडेला थेंब सोडतात, बाळ गिळतंय का बघतात, मग पुढचा थेंब. एका बाळाच्या दुधाला पाऊण तास जातो आणि दोन तासांनी परत तेच. घाई केली तर दूध श्वासनळीत जातं. तेव्हाच्या लंडनमध्ये वरचं दूध म्हणजे पाण्यात भिजवलेला पाव किंवा कुठल्या तरी गाईचं नासायला आलेलं दूध, त्यावर ठेवलेलं तान्हं बाळ बहुतेक वेळा जायचंच, आणि हे संस्थेला पक्कं माहीत होतं. पुढे त्यांच्याच संस्थेचे डॉक्टर झालेल्या विल्यम कॅडोगन यांनी १७४८ मध्ये बाळांच्या संगोपनावर निबंध लिहून अंगावरच्या दुधाचं महत्त्व सांगितलं होतं.

म्हणून संस्थेचा खरा पसारा लंडनच्या त्या देखण्या इमारतीत नव्हताच, तो खेड्यापाड्यांत होता. बाळ आलं की त्याचा बाप्तिस्मा करायचा, नवीन नाव द्यायचं आणि लवकरात लवकर गावाकडच्या दाईकडे पाठवायचं. ही दाई म्हणजे जिचं स्वतःचं मूल तान्हं आहे किंवा नुकतंच अंगावरच्या दुधावरून सुटलंय अशी शेतमजुराची बायको. तिला आठवड्याला पगार आणि बाळ वर्षभर जगलं तर दहा शिलिंग बक्षीस. तिच्यावर लक्ष ठेवायला गावातलेच कोणी, पाद्र्याची बायको वगैरे, विनामोबदला इन्स्पेक्टर. हे मला फार आवडतं, की बायकांना गव्हर्नर होता येत नव्हतं पण अख्खं काम उभं होतं ते दूध पाजणाऱ्या आणि लक्ष ठेवणाऱ्या बायकांवर. मुलं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत तिकडेच राहायची.

आता या सगळ्यात पार्लमेंटच्या पैशाने काय वाढलं? गेट वाढलं. ॲक्वर्थ, श्रुसबरी, आयल्सबरी, चेस्टर अशा ठिकाणी शाखा निघाल्या, इमारती घेतल्या गेल्या, खाटा आल्या. पण दूध असलेल्या, निरोगी, प्रामाणिक, दुसऱ्याचं बाळ घ्यायला तयार असलेल्या बायका पैसे मंजूर झाले म्हणून पुढच्या महिन्यात तिप्पट होत नाहीत. आणि त्या बायकांकडे बघणाऱ्या इन्स्पेक्टर तर त्याहून नाही, कारण तिथे पगारच नाही, ते ओळखीपाळखीवर आणि विश्वासावर चालणारं काम. मग दाईची वाट बघत बाळं लंडनमध्येच पडून राहायला लागली, वरच्या दुधावर, एकाला एक चिकटून, एकाला जुलाब झाले की सगळ्यांना.

याच्याही पलीकडे काहीतरी झालं जे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आणि मला वाटतं सगळ्यात भयंकर तेच. दार सगळ्यांसाठी उघडं आहे ही बातमी देशभर गेली. तिकडे कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीवर, आपापले गरीब पोसायची जबाबदारी होती आणि त्याचा खर्च गावातल्या लोकांवर पट्टी बसवून काढायचा. त्या अधिकाऱ्यांना हे म्हणजे आयतंच सापडलं. गावातल्या गरीब बाईचं बाळ वीस वर्षं पोसण्यापेक्षा एकदा भाडं देऊन लंडनला पाठवलं की विषय संपला. आया तयार नसतील तर धमकावून, बाळ काढून घेऊन. पाठवायचं कोणाबरोबर, तर गाडीवाले, फेरीवाले, भटके. त्यांचा तो धंदाच झाला. झापांच्या टोपल्यांत कोंबड्या न्याव्यात तशी बाळं नेली जायची.

एकदा एका मालगाडीतून, म्हणजे घोडागाडीतून, आठ बाळं लंडनला निघाली. सात वाटेत मेली. आठवं वाचलं कारण त्याची आई गाडीच्या मागे पायी चालत होती आणि जमेल तसं त्याला मधेमधे पाजत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून ठेवलं. ती बाई बाळ टाकायला निघाली नव्हती हो, ती बाळाबरोबर अख्खा रस्ता चालत होती. तिला बाळ ठेवता यावं म्हणून त्या दहा हजार पौंडांतला एक पेनीसुद्धा नव्हता.

मॉनमथला तर एका बापावर खुनाचा खटला चालला, कारण त्याचं बाळ गळ्यात दगड बांधून बुडवलेलं सापडलं. त्याने सिद्ध केलं की बाळ त्याने एका फिरत्या कल्हईवाल्याकडे दिलं होतं, लंडनच्या संस्थेत पोचवायला, एक गिनी, म्हणजे सोन्याचं नाणं, देऊन. कल्हईवाल्याने गिनी घेतली आणि लांबचा रस्ता वाचवला.

आणि वाचलेली जी गेटपर्यंत पोचायची त्यातली कित्येक शेवटच्या घटका मोजणारी. वयाची मर्यादा आधी दोन महिने होती ती वाढवत बारा महिन्यांवर नेली, त्यामुळे आजारी मुलं, उपाशी मुलं, काही तर निदान दफन तरी फुकटात नीट होईल म्हणून आणलेली. तपासणी करून परत पाठवायचा अधिकार संस्थेने अटीत सोडून दिला होता. मग आलेला रोग आधीच्या मुलांमध्ये पसरणार, दुसरं काय होणार.

हे सगळं सांगताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. ती मुलं तिथे नसती आली तर जगली असती का? बरीचशी नसती जगली. त्या काळी लंडनमध्ये जन्मलेल्यांपैकी साधारण निम्मी मुलं पाच वर्षांच्या आत जायची, आणि पॅरिशच्या वर्कहाउसमधली, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या जागेतली, तान्ही मुलं तर जवळजवळ सगळीच. त्यामुळे दहा हजार मृत्यू संस्थेने घडवले असं मी म्हणणार नाही. पण गाडीत मेलेली सात बाळं, पळवून आणलेली, आईपासून धमकावून तोडलेली बाळं, आणि आधीपासून संस्थेत असलेली, जी नीट जगत होती आणि गर्दीमुळे गेली, त्यांचं काय? ती त्या चांगल्या नियमानेच गेली.

आईने बाळ ओळखता यावं म्हणून काहीतरी खूण ठेवायची पद्धत होती. बटण, नाणं, नाहीतर कपड्याचा तुकडा. हजारो बाळांच्या नोंदीच्या कागदाला तो तुकडा टाचलेला आहे, छापील सुती कापड, रिबिनी, बाहीचा कापलेला काठ. इंग्लंडमधल्या साध्या लोकांच्या अठराव्या शतकातल्या कापडांचा एवढा मोठा साठा दुसरीकडे कुठेच नाही, कारण गरिबांचे कपडे कोण जपून ठेवतो. १७६७ साली सेरा बेंडर नावाच्या आईने कापडाचे छोटे तुकडे जोडून त्यावर लाल दोऱ्याने बदाम भरला आणि तो मधोमध कापून अर्धा बाळाबरोबर दिला. १७७५ मध्ये ती उरलेला अर्धा घेऊन आली आणि तिला तिचा चार्ल्स परत मिळाला. असं फार थोड्यांचं झालं. १७४१ ते १७६० या काळात आलेल्या सोळा हजारांहून जास्त मुलांपैकी फक्त १५२ मुलांना कोणीतरी परत न्यायला आलं.

१७६० च्या फेब्रुवारीत पार्लमेंटने ठराव केला की हे बंद. २५ मार्चला शेवटची बाळं घेतली. त्या दिवशीच्या शेवटच्या मुलीचं नाव त्यांनी ठेवलं किटी फिनिस. फिनिस म्हणजे समाप्त, पुस्तकाच्या शेवटी छापायचे तसं. मला त्यांचा रागही येतो आणि कीवही येते, पावणेचार वर्षं रोज मुलांना नावं शोधणारी आणि रोज पुरणारी माणसं ती.

पण पुढची गोष्ट मला जास्त लागते. एकदा हात पोळल्यावर संस्था दुसऱ्या टोकाला गेली. नंतर बरीच वर्षं शंभर पौंड दिले तर काही न विचारता बाळ घ्यायचे, म्हणजे श्रीमंताच्या लपवलेल्या मुलाला जागा. ते १८०१ मध्ये थांबलं. बाकीच्यांना अर्ज करायचा, आणि हळूहळू नियम असा पक्का झाला की पहिलंच लग्नाबाहेरचं मूल असेल आणि आईचं आधीचं वागणं चांगलं असेल तरच. बाईने पुरुषांच्या कमिटीपुढे उभं राहून सांगायचं की तो कोण होता, कुठे भेटला, काय वचन दिलं होतं. दुसऱ्यांदा अडकलेली, विधवा, नवऱ्याने टाकलेली, या सगळ्या बाहेर. म्हणजे काळी गोटी परत आलीच, फक्त आता ती नशिबाने निघत नव्हती तर बाईच्या चारित्र्यावरून निघत होती.

या सगळ्यातून काहीतरी नीट शिकलेला एक माणूस मला सापडला तो जोनस हॅनवे. तो याच काळात संस्थेचा गव्हर्नर झाला, सगळं आतून बघितलं, १७५९ मध्ये त्यावर स्पष्ट लिहिलं. पण तो तिथून सरळ पॅरिशच्या वर्कहाउसमध्ये गेला, एकेका पॅरिशची वही काढून किती तान्ही मुलं आली आणि किती उरली ते मोजत बसला. त्याच्या खटपटीमुळे १७६२ मध्ये लंडनच्या पॅरिशना अशा मुलांची नोंद ठेवणं सक्तीचं झालं आणि १७६७ मध्ये कायदा झाला की सहा वर्षांच्या आतली मुलं शहराबाहेर, किमान तीन मैल लांब, दाईकडेच ठेवायची. त्याने संस्थेचं दार मोठं करा असं म्हटलं नाही. मूल जिथून येतं तिथल्या लोकांची जबाबदारी त्याने त्यांच्याच गळ्यात परत घातली, आणि दाईपर्यंत पोचायची वाट पक्की केली.

फुल्यांच्या गृहाचं मला इथे परत आठवतं. १८६३ साली पुण्यात त्यांनी जे काढलं तिथे बाईने स्वतः यायचं होतं, गुपचूप बाळंत व्हायचं, बाळाला न्यायचं की ठेवायचं ते तिने ठरवायचं. आई आत आली की निदान पहिले काही दिवस दूधही बाळाबरोबर आत येतं. सावित्रीबाई स्वतः तिथे बाळंतपणं बघत होत्या, ते गेटवरून चालवायचं काम नव्हतंच.

आता हे आत्ताच का लिहितेय, तर आमच्या शिशुगृहाला एक दाता मिळालाय, माणूस खरंच भला आहे, स्वतः येऊन बाळांजवळ तासभर बसतो. त्याला नवीन मजला बांधून द्यायचाय आणि खाटा दुप्पट करायच्यात. बालकल्याण समितीकडून आलेल्या एकाही बाळाला जागा नाही म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावं लागू नये एवढीच त्याची इच्छा आहे. पगारासाठी मात्र पैसे द्यायचे नाहीत, कारण पगारावर खर्च म्हणजे संस्थेची उधळपट्टी असं त्याला वाटतं, आणि असं वाटणारा तो एकटा नाही, जवळजवळ प्रत्येक देणगीदाराला इमारत दिसते, रात्रपाळीची मावशी दिसत नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सांगणार आहे की मजला बांधा, पण आधी रात्रपाळीला आणखी मावश्या घ्या आणि निदान तीन वर्षांचा त्यांचा पगार बाजूला काढून ठेवा. नर्स चोवीस तास हवी. आयांनी दान केलेलं दूध साठवणाऱ्या दुधाच्या बँकेशी कायमचं ठरवून टाका, आपल्याकडे ही सोय १९८९ पासून आहे, सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली तेव्हापासून, ती वापरा. आणि बाळाला सोडायला आलेल्या आईला तिची इच्छा असेल तर काही दिवस राहता येईल अशी एक खोली त्या नवीन मजल्यावर ठेवा, खाटा दोन कमी झाल्या तरी चालतील. ट्रस्टी लोकांना हा सगळा १७५६ चा इतिहासही सांगणार आहे, त्यांना कंटाळा आला तरी. गाडीमागे चालत गेलेल्या त्या बाईपासून सुरुवात करेन म्हणतेय.